टाटा, जे. आर. डी. : विमानवाहतूक क्षेत्रातील कारकीर्द

टाटा, जहांगीर रतनजी दादाभाई : (२९ जुलै १९०४–२९ नोव्हेंबर १९९३). भारतीय उद्योगपती आणि भारतातील नागरी विमानवाहतुकीचे प्रवर्तक. टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी पोलाद, रसायने, मोटारी अशा अनेक उद्योगांची धुरा अर्धशतकाहून अधिक काळ वाहिली. तथापि त्यांचे स्वतःचे म्हणता येईल असे कार्य विमानवाहतुकीचेच होय. पोलादाचा कारखाना त्यांना वारशाने मिळाला होता, विमान कंपनी मात्र त्यांनी स्वतः उभी केली. ती त्यांच्या हातून सरकारकडे गेली. त्याच सरकारच्या वतीने त्यांनी ती पंचवीस वर्षे चालविली आणि अखेरीस सरकारनेच त्यांना तिच्यापासून दूर केले. खाजगी उद्योजक आणि शासन यांच्या संबंधांचा एक महत्त्वाचा अध्याय या कारकीर्दीत सामावलेला असल्यामुळे येथे तिचाच प्रामुख्याने विचार केला आहे.

जे. आर. डी. टाटा यांचा जन्म पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे आप्त व व्यवसायातील भागीदार. आई सूझान ही फ्रेंच. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हार्डेलो या गावी टाटा कुटुंबाचे घर होते आणि तेथे त्यांचा शेजार होता इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणाऱ्या (१९०९) लुई ब्लेर्यो यांचा. वाळूच्या किनाऱ्यावर उतरणारी विमाने पाहत हा मुलगा वाढला आणि पंधराव्या वर्षी तेथेच त्याने विमानाचा पहिला फेरफटका केला. शिक्षण फ्रान्स, भारत, जपान व इंग्लंड या देशांत विखुरलेले होते. काही काळ त्यांनी फ्रेंच सैन्यात सक्तीची लष्करी सेवाही केली. केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा होती. पण वडिलांनी त्यांना मुंबईस बोलावून घेतले. १९२६ मध्ये वडील वारले आणि विद्यापीठाचा विचार कायमचा सोडून द्यावा लागला. आपल्याला पदवी नाही याची खंत त्यांना पुढेही वाटत असे. १९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला.

त्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. ‘एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’ या संस्थेने दिलेला हा पहिलाच परवाना असून त्यावर क्रमांक १ असा होता. यावरून त्यांना ‘पहिले भारतीय वैमानिक’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो मात्र बरोबर नाही. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक आदी भारतीय तरुणांनी ब्रिटिश हवाई दलातून लढाऊ विमाने चालविली होती. भारतात परवाना मिळविणारे पहिले, एवढेच टाटांविषयी म्हणणे युक्त ठरेल.

भारत व इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने, ठराविक मुदतीत, विमानाने तोडणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. १९३० मध्ये टाटा कराचीहून लंडनकडे निघाले. अस्पी इंजिनिअर हा अवघ्या सतरा वर्षांचा तरुण उलट दिशेने, इंग्लंडहून कराचीकडे येत होता. वाटेत ईजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनिअरच्या विमानाचे स्पार्क प्लग नादुरुस्त झाल्यामुळे तो अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे सुटे प्लग त्याला दिले. पारितोषिक थोड्याशाच फरकाने इंजिनिअरला मिळाले. हाच तरुण पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला (१९६०–६४).

विमानवाहतुकीचा व्यवसाय सुरू करण्याची कल्पना मात्र मूळ टाटांची नव्हे. ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेला नेव्हिल व्हिन्सेंट हा वैमानिक १९२९ मध्ये हौशी लोकांना विमानातून फिरवून आणण्याच्या धंद्यासाठी भारतात आला होता. इंपीरिअल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची टपालसेवा त्याच वर्षी कराचीपर्यंत येऊन पोहोचली होती. कराचीत उतरणारे टपाल पुढे मुंबई व मद्रासला विमानानेच का नेऊ नये, असा प्रश्न व्हिन्सेंटने मांडला व त्याची योजना तयार केली. टाटा सन्सचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा या नव्या खटाटोपास अनुकूल नव्हते. जे. आर. डीं. चे मार्गदर्शक जॉन पीटरसन यांनी रदबदली केली, आणि खर्च फार नाही या आश्वासनावर दोराबजींनी संमती दिली. गुंतवणूक दोन लाख रुपयांची होती. सरकारशी वाटाघाटी करण्यात मात्र तीन वर्षे गेली. जागतिक मंदीचा काळ असल्यामुळे सरकार अर्थसाहाय्यास तयार नव्हते. टाटांनी साहाय्याची मागणी प्रथम कमी केली, पुढे ती सोडूनच दिली. केवळ नेलेल्या टपालाच्या वजनानुसार मोबदला घेण्याचे कबूल केल्यावर एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सेवा सुरू झालेली पाहण्यास दोराबजी हयात नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये ते मरण पावले.

पहिले उड्डाण सप्टेंबरात व्हावयाचे होते. परंतु पावसाळा लांबल्याने ते महिनाभर पुढे गेले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६·३५ वाजता कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून टाटांनी ‘पस मॉथ’ जातीचे एक इंजिनाचे छोटे विमान टपालाची सु. २५ किग्रॅ. वजनाची थैली घेऊन उडविले. अहमदाबादेस ते इंधनासाठी उतरले. इंधनाचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आणले गेले. दुपारी १·५० वाजता विमान मुंबईस जुहू येथे पोहोचले. तेथून व्हिन्सेंटने टपाल पुढे नेले आणि बेल्लारीस मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले. विमानात बिनतारी संदेशयंत्र नव्हते, जमिनीवरून मार्गदर्शन करणारी कोणतीही साधने नव्हती. होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारी नदी किंवा रेल्वेची वाट यांवर सारी भिस्त असे. जुहूचा तळ म्हणजे समुद्राकाठचे सपाट मैदान व त्यावर झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पावसाळ्यात हे मैदान पाण्याखाली जाई आणि सारा संसार पुण्यास हलवावा लागे.

कंपनीचा कर्मचारीवर्ग एका हाताच्या बोटांवर मोजण्याजोगा असला, तरी शिस्त कडक होती. पहिल्या वर्षाअखेर या सेवेचा वक्तशीरपणा शंभर टक्के असल्याची नोंद नागरी विमानवाहतूक खात्याच्या अहवालात झाली. सह्याद्रीवरील पावसाळी ढगांचा विचार केला म्हणजे या नोंदीचे मोल कळते. त्या वर्षी नफा सु. ६०,००० रु. झाला. पुढे सेवेचा विस्तार झपाट्याने झाला : १९३५ मध्ये गोवा व कन्नूरमार्गे त्रिवेंद्रमपर्यंत, १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेरमार्गे दिल्लीपर्यंत आणि १९३८ मध्ये कोलंबोपर्यंत. ब्रिटिश साम्राज्यातील टपाल विमानाने पाठविण्याची योजना १९३८ मध्ये अंमलात आली आणि टपालाचे वजन कितीतरी वाढले. ‘टाटा एअरलाइन्स’ हे नाव याच सुमाराचे. जुलै १९३८ मध्ये सर नवरोजी सकलातवाला यांच्या निधनानंतर, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जे. आर. डी. टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. आता विमान कंपनी हा त्यांच्या अनेक जबाबदाऱ्यांपैकी एक भाग होता. प्रत्यक्षात तिला मिळणारा त्यांचा वेळ तिच्या आकाराच्या मानाने नेहमीच अधिक राहिला.

दुसऱ्या महायुद्धात कंपनीची विमाने लष्करी वाहतुकीस व ब्रह्मदेशातून निर्वासित आणण्यास लावली गेली. पुण्यास विमाने बांधण्याचा कारखाना काढण्याची योजना व्हिन्सेंटने पुढे आणली होती. ती ब्रिटिश सरकारच्या बदलत्या धोरणामुळे फलद्रूप झाली नाही. जानेवारी १९४२ मध्ये इंग्लंडहून परतताना त्याचे विमान बेपत्ता झाले. भारतीय विमानवाहतुकीच्या इतिहासात व्हिन्सेंटचे नाव आज फारसे घेतले जात नाही, जे. आर. डी. मात्र या कार्याचे श्रेय त्यालाही देत.

युद्ध संपल्यावर, २९ जुलै १९४६ रोजी, टाटा एअरलाइन्सचे ‘एअर-इंडिया लिमिटेड’ या सार्वजनिक मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. हे नाव चार पर्यायांतून कर्मचाऱ्यांचे मत घेऊन ठरविण्यात आले. कंपनीचे बोधचिन्ह बनलेला ‘महाराजा’ याच वर्षाचा. जाहिरातप्रमुख बॉबी कूका यांची कल्पना व चित्रकार उमेश राव यांचे रेखाटन यांतून तो साकारला.

ऑक्टोबर १९४७ च्या सुमारास टाटांनी सरकारपुढे परदेशी वाहतुकीसाठी स्वतंत्र कंपनीचा प्रस्ताव ठेवला. भांडवलात सरकारचा वाटा ४९ टक्के, टाटांचा २५ टक्के व उरलेला लोकांचा. सरकारला आणखी २ टक्के भाग घेऊन बहुमत मिळविण्याची मुभा. संयुक्त क्षेत्र हा शब्द रूढ होण्यापूर्वीची ही रचना होती. फाळणीच्या धामधुमीत असलेल्या सरकारने हा प्रस्ताव काही आठवड्यांतच मान्य केला, ही गोष्ट पुढील घटनांच्या पार्श्वभूमीवर लक्षात ठेवण्याजोगी आहे. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले. प्रवाशांत टाटा व त्यांच्या पत्नी थेल्मा होत्या. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधील माँ ब्लां शिखरावर आदळून त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले.

देशांतर्गत वाहतुकीची स्थिती मात्र चिंताजनक झाली होती. युद्धानंतर अमेरिकन सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विकली गेली आणि ज्याच्यापाशी थोडेफार भांडवल होते तो विमान कंपनी काढू लागला. सरकारने परवाने सढळ हाताने दिले. जेथे दोन-तीन कंपन्यांना पुरेल एवढी वाहतूक, तेथे डझनभर कंपन्या उभ्या राहिल्या. अंबिका, ज्यूपिटर यांसारख्या काही थोड्याच काळात बंद पडल्या. उरलेल्या तोट्यात चालल्या. टाटांनी या धोरणास प्रथमपासून विरोध केला होता. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेवरून त्यांचे व दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांचे जाहीर मतभेद झाले : रात्रीच्या उड्डाणास आवश्यक ती साधने विमानतळांवर नाहीत, हा टाटांचा मुख्य आक्षेप होता. परिस्थितीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली (१९५०). कंपन्यांची संख्या गरजेपेक्षा फार अधिक असल्याचा निष्कर्ष तिने काढला. कंपन्यांचे एकत्रीकरण सुचविले, तत्काळ राष्ट्रीयीकरणाची शिफारस मात्र केली नाही.

सरकारने तरीही राष्ट्रीयीकरणाचा मार्ग पत्करला. आपल्याशी विचारविनिमय न करता निर्णय आधीच घेतला गेला व चर्चा केवळ नुकसानभरपाईची करण्यात आली, हे टाटांच्या मनाला फार लागले. १९५२ अखेर पंतप्रधान नेहरूंच्या भेटीत त्यांनी ते बोलूनही दाखविले. येथे दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. देशांतर्गत कंपन्या बुडत होत्या व त्यांना सावरण्यास सार्वजनिक पैसा लागणारच होता. हा सरकारपक्ष खोटा म्हणता येत नाही. परंतु त्या बुडण्यास सरकारचेच परवान्यांचे धोरण बव्हंशी कारणीभूत होते आणि उत्तम चालणाऱ्या, ज्यात सरकार स्वतः भागीदार होते अशा, परदेशी सेवेच्या कंपनीस तो न्याय लागू पडत नव्हता. टाटांचा आग्रह निदान एवढा होता, की परदेशी सेवा देशांतर्गत सेवेच्या गोंधळात मिसळू नये. तिचे महामंडळ वेगळे असावे. त्याप्रमाणे १९५३ च्या अधिनियमाने दोन महामंडळे निर्माण झाली आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी कारभार त्यांच्याकडे गेला. आठ कंपन्या मिळून ‘इंडियन एअरलाइन्स’ झाली. परदेशी सेवा ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’कडे राहिली.

नेहरूंनी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद टाटांनाच देऊ केले. ज्या धोरणास आपला विरोध, त्याच धोरणातून जन्मलेल्या संस्थेचे प्रमुखपद स्वीकारावे की नाही, हा पेच होता. नकार दिल्यास संस्था व तिची माणसे वाऱ्यावर सुटतील, या विचाराने त्यांनी ते स्वीकारले आणि पुढे पंचवीस वर्षे विनावेतन सांभाळले. इंडियन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावरही ते होते.

या पंचवीस वर्षांतील त्यांची कार्यपद्धती विशेष अभ्यसनीय आहे. महत्त्वाचे निर्णय, म्हणजे विमानांची निवड, मार्ग व प्रशिक्षण हे, ते तज्ज्ञांशी बसून ठरवीत. पण त्यांचा खरा ठसा बारीकसारीक गोष्टींवर होता. प्रत्येक प्रवासानंतर ते व्यवस्थापनास टिपणे पाठवीत. विमानातील चहा रंगाने कॉफीपासून वेगळा ओळखू येत नाही, अमुक खुर्ची मागे कलत नाही, पडद्याचा रंग जुळत नाही, अशा शेऱ्यांनी ती भरलेली असत. अध्यक्षाने चहाच्या रंगात लक्ष घालावे काय, असे कोणी विचारील. बड्या परदेशी कंपन्यांच्या मानाने एअर-इंडियाची विमाने थोडी, मार्ग थोडे. स्पर्धेत उतरावयाचे तर ते सेवेच्या गुणवत्तेवरच, हे त्यांचे गणित होते व त्या दृष्टीने चहाचा रंग हा धोरणाचाच प्रश्न होता. मंत्री व सचिव यांच्या दैनंदिन हस्तक्षेपापासून संस्था बव्हंशी अलिप्त राहिली, याचे कारण कायद्यात फारसे सापडत नाही. अध्यक्षाची प्रतिष्ठा आणि पंतप्रधानांशी असलेला थेट संपर्क यांत ते शोधावे लागते. व्यक्तीवर उभे असलेले हे संरक्षण किती नाजूक होते, ते पुढे दिसून आले.

११ एप्रिल १९५५ रोजी ‘काश्मीर प्रिन्सेस’ या विमानाचा घातपात झाला. बांडुंग परिषदेस जाणाऱ्या चिनी शिष्टमंडळासाठी भाड्याने दिलेल्या या विमानात हाँगकाँग येथे बाँब ठेवण्यात आला होता. कॅप्टन दा. का. जठार यांनी पेटलेले विमान समुद्रावर उतरविले. १६ जण दगावले, तिघे कर्मचारी वाचले. जठार यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. वाचलेल्यांपैकी अभियंते अनंत कर्णिक यांनी या घटनेवर पुस्तक लिहिले आहे.

१९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली व त्याच वर्षी १४ मे रोजी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ मध्ये उरलेली पंख्याची विमाने काढून टाकण्यात आली. सर्व विमाने जेट असणारी जगातील पहिली कंपनी, असा एअर-इंडियाचा दावा असे. त्याच वर्षी ‘इंटरनॅशनल’ हा शब्द नावातून गळला. १९७१ मध्ये पहिले बोइंग ७४७, ‘एम्परर अशोक’, मुंबईस उतरले. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे (आयाटा) अध्यक्षपदही टाटांनी १९५८ मध्ये भूषविले होते.

या काळातील सर्वच गोष्टी गौरवास्पद होत्या असे नाही. हवाई सुंदरींना वयाच्या ३५ व्या वर्षी, नोकरीस चार वर्षे होण्याआधी विवाह केल्यास किंवा पहिल्या गरोदरपणी नोकरी सोडावी लागे. यांपैकी गरोदरपणाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये घटनाबाह्य ठरविला. प्रवाशांच्या सुखसोयींविषयी इतक्या दक्ष असलेल्या संस्थेस आपल्याच कर्मचारी स्त्रियांवरील हा अन्याय इतकी वर्षे दिसू नये, याची नोंद केली पाहिजे.

१ जानेवारी १९७८ रोजी ‘एम्परर अशोक’ मुंबईहून दुबईस निघाले असता वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जण मृत्यू पावले. त्यानंतर महिन्याभरात, फेब्रुवारीच्या प्रारंभी, मोरारजी देसाई यांच्या सरकारने टाटांना अध्यक्षपदावरून दूर करून हवाई दलाचे माजी प्रमुख प्र. चं. लाल यांची नियुक्ती केली. केवळ तारखांच्या जवळिकीवरून या दोन घटनांचा संबंध जोडणे धाडसाचे ठरेल. आपल्याला दूर केल्याचे टाटांना प्रथम सरकारकडून नव्हे, तर खुद्द लाल यांच्याकडून कळले. व्यवस्थापकीय संचालक अप्पूस्वामी यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. सरकारी महामंडळाचा अध्यक्ष बदलण्याचा अधिकार सरकारला आहे, यात वाद नाही आणि ७३ वर्षांच्या अध्यक्षास वारस शोधणेही आवश्यक होते. आक्षेप होता तो रीतीला. ज्याने संस्था जन्मास घातली व चार तपांच्या आसपास सांभाळली, त्याला साधी पूर्वसूचनाही मिळाली नाही. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना दोन्ही महामंडळांच्या संचालक मंडळांवर पुन्हा घेतले. अध्यक्षपद मात्र परत दिले नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, टाटांनी ‘लेपर्ड मॉथ’ जातीचे जुने विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस एकट्याने चालवीत आणले. तेव्हा त्यांचे वय ७८ वर्षांचे होते. त्यांना पद्मविभूषण (१९५५), विमानविद्येतील डॅनिएल गुगेनहाइम पदक (१९८८) व भारतरत्न (१९९२) हे सन्मान लाभले. जिनीव्हा येथे त्यांचे निधन झाले. महामंडळांचा १९५३ चा अधिनियम १९९४ मध्ये रद्द झाला; २००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र करण्यात आल्या आणि १९५३ मध्ये टाटांनी ज्यांना एकमेकींपासून वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला होता, त्या दोन्ही सेवा एकाच, कर्जाने वाकलेल्या, कंपनीच्या झाल्या. २७ जानेवारी २०२२ रोजी ही कंपनी भारत सरकारने टाटा समूहाच्या स्वाधीन केली.